गणिताची तालीम: ऑनर सोसायटी म्हणजे काय आणि तिथं चालतं काय

गेल्या मार्चमधली गोष्ट. कोल्हापुरात राजारामपुरीत ताईकडं गेलो होतो. चहा ठेवायच्या आधीच तिनं मोबाइल हातात दिला. अमेरिकेत शिकायला गेलेल्या भाचीनं फोटो पाठवला होता. जाड कागदाचं प्रमाणपत्र, त्यावर मोठी तीन ग्रीक अक्षरं, आणि ते छातीशी धरून उभी असलेली आमची पोरगी.

"ह्यातलं पहिलं चिन्ह गणितातल्या पायचं (π), एवढं कळलं," ताई म्हणाली. "पण हे नक्की काय आहे? स्कॉलरशिप आहे का? पैसे मिळणार आहेत का भरायचे आहेत?"

घरात गणित शिकवणारा मी एकटाच, त्यामुळं उत्तर द्यायचं माझ्याकडं आलं. त्या संध्याकाळी ताईला आणि दाजींना जे सांगितलं, तेच पुढं माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगावं लागलं. त्यांच्यातले काही आता परदेशातल्या विद्यापीठांना अर्ज करतात आणि 'ऑनर सोसायटी' हा शब्द त्यांच्या कानावर येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एखाद्या विषयात चांगलं काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची, विद्यापीठातच चालणारी संघटना म्हणजे ऑनर सोसायटी. अमेरिकेत ही चाल जुनी आहे. फाय बीटा कप्पा ही तिथली पहिली, १७७६ साली विल्यम अँड मेरी कॉलेजात निघालेली. ग्रीक अक्षरांनी नाव ठेवायची पद्धत तिच्यापासून पडली. भाचीला जिचं सभासदत्व मिळालं ती गणिताची, पाय म्यू एप्सिलॉन. सिराक्यूज विद्यापीठात १९०३ पासून गणिताचा एक साधा क्लब होता. तिथले प्राध्यापक एडवर्ड ड्रेक रो यांच्या पुढाकारानं १९१४ मध्ये त्याची सोसायटी झाली आणि पुढं गावोगावच्या विद्यापीठांत शाखा निघत गेल्या. आज त्या चारशेच्या वर आहेत. नावातली तीन अक्षरं म्हणजे तीन ग्रीक शब्दांची आद्याक्षरं. विद्येला आणि गणिताला चालना द्यावी, असा त्यांचा अर्थ.

हिच्यात आपण होऊन नाव घालता येत नाही. शाखा निवड करते. पदवीच्या विद्यार्थ्यानं साधारण दोन वर्षांचं कॉलेजचं गणित कॅल्क्युलससह पुरं केलेलं हवं, त्यात सरासरी किमान 'बी' श्रेणी हवी, आणि एकूण अभ्यासातही तो वर्गाच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात असायला हवा. फी एकदाच, सभासदत्व आयुष्यभराचं. ताईच्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यात संपलं: स्कॉलरशिप नाही, मान आहे.

"मान मिळाला, बरं झालं. पण मग तिथं जाऊन ती करणार काय?" हे दाजींनी विचारलं, आणि खरा प्रश्न हाच होता.

दाजी तरुणपणी तालमीत जायचे. मी त्यांना म्हटलं, दाजी, तालमीत नाव घातलं म्हणून कुणी पैलवान होतो का? वस्ताद जोड लावून देतात, जुना गडी नव्याला डाव दाखवतो, रोज माती अंगाला लागते, तेव्हा कुठं पैलवान तयार होतो. ती सोसायटी म्हणजे गणिताची तालीम. प्रमाणपत्र म्हणजे फेटा. फेट्याचा फोटो चांगला येतो, पण तालीम चालते ती पहाटे, बघायला कोणी नसताना.

आणि मग बोलण्यापेक्षा करूनच दाखवावं म्हणून त्यांना एक गणित घातलं. खासबाग मैदानात ३७ पैलवान उतरलेत. हरला तो बाहेर. शेवटी एकच उरेपर्यंत एकूण कुस्त्या किती लागतील?

दाजींनी वर्तमानपत्राच्या कडेला मांडायला घेतलं. ३७ जणांच्या १८ जोड्या, एकजण तसाच पुढं. राहिले १९. मग ९ जोड्या, एकजण पुढं, राहिले १०. मग ५ कुस्त्या. मग २ आणि एकजण पुढं, राहिले ३. मग १, मग शेवटची १. बेरीज केली: १८, ९, ५, २, १, १. झाल्या ३६.

बरोबर आलं. आता हेच दुसऱ्या बाजूनं बघा, म्हटलं. एका कुस्तीत बाहेर जातो एकच माणूस. एक उरायचा असेल तर बाहेर जायला हवेत ३६. म्हणजे कुस्त्या ३६. जोड्या कशाही लावा, बेरीज करायची गरजच नाही. पैलवान हजार असले तर कुस्त्या ९९९.

दाजी कागदाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आणि कुस्ती बरोबरीत सोडवली तर?"

हा प्रश्न मला उत्तरापेक्षा जास्त आवडला. कारण गणिताच्या मंडळात चालतं ते नेमकं हेच. एकजण फळ्यावर काहीतरी सिद्ध करतो, आणि बसलेल्यांपैकी कोणीतरी विचारतो की तू हे जे धरून चाललास ते नाही धरलं तर? मग सगळे मिळून विधान नीट करतात. इथं ते असं होतं: निकाली कुस्त्या ३६ च, बरोबरीतल्या कितीही असोत.

आता आपल्याकडं काय आहे ते बघू. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात आणि त्याच्याशी संलग्न कॉलेजांत गणित मंडळ हा शब्द नवा नाही. २२ डिसेंबरला रामानुजन यांची जयंती; २०१२ पासून हा दिवस राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भित्तीपत्रक लागतं, प्रश्नमंजुषा होते, बाहेरच्या पाहुण्यांचं व्याख्यान होतं. हे सगळं हवंच. मात्र मी विद्यार्थी होतो त्या कॉलेजात मंडळाचं उद्घाटन झालं ते अजून आठवतं. दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, सत्कार, आभार यांत दीड तास गेला आणि गणितावर बोलायला पाहुण्यांना दहा मिनिटं उरली. त्यांनी सम आणि विषम संख्यांबद्दल काहीतरी फार सुंदर सांगायला सुरुवात केली होती. ते अर्ध्यावर राहिलं ते राहिलंच. पुढच्या वर्षीच्या उद्घाटनापर्यंत मंडळाची एकही बैठक झाली नाही.

त्यामुळं पाय म्यू एप्सिलॉनसारख्या संस्थांचं मला कौतुक वाटतं ते एका गोष्टीसाठी: तिथं बोलायला विद्यार्थ्यांना उभं करतात. दरवर्षी उन्हाळ्यात अमेरिकेतल्या गणितज्ञांचं मोठं अधिवेशन भरतं, त्यात शाखांनी पाठवलेले पदवीचे विद्यार्थी आपापलं काम मांडतात. थोडाच वेळ मिळतो, पण समोर अनोळखी माणसं असतात. संस्थेचं स्वतःचं नियतकालिक १९४९ पासून निघतं, त्यात विद्यार्थ्यांचे लेख छापतात आणि वाचकांना सोडवायला प्रश्न देतात. शाखेच्या पातळीवर आठवड्याच्या बैठका, एखाद्या संशोधकाचं व्याख्यान, पहिल्या वर्षाच्या मुलांना मोफत शिकवणी, असं वर्षभर चालू असतं. पुष्कळ ठिकाणी साधा गणित क्लब आणि ही सोसायटी हातात हात घालून चालतात; मान निवडक मुलांना, पण बैठकीला कोणीही यावं.

विद्यार्थ्यानं बोलणं म्हणजे काय असतं ते एका बैठकीवरून सांगतो. आम्ही काही शिक्षक शुक्रवारी साडेतीनला मुलांना घेऊन बसतो. पाचच्या आत उठावंच लागतं, कारण निम्मी मुलं गारगोटी, पन्हाळा, कागल अशा भागांतून एसटीनं येतात. बी.एस्सी. भाग दोनमधली एक मुलगी त्या दिवशी बोलणार होती. विषय कापरेकर स्थिरांक.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर. विद्यापीठात नोकरी नाही, संशोधनाची पदवी नाही, पण संख्यांचं वेड असं की १९४९ मध्ये त्यांनी मद्रासच्या गणित परिषदेत मांडलेली गोष्ट आज जगभर त्यांच्या नावानं ओळखली जाते. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळात तुम्ही ६१७४ ला पोचता आणि तिथंच थांबता.

मुलीनं विद्यापीठाचं स्थापनावर्ष घेतलं, १९६२. उतरता क्रम ९६२१, चढता १२६९, वजाबाकी ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. दोन पावलांत पोचली. वर्गात हलकासा आवाज झाला. मागच्या बाकावरची मुलं आपापली जन्मसालं घेऊन वहीत करू लागली.

इथवर ही गंमत आहे, शाळेतही दाखवतात. पुढं तिनं जे केलं ते गणित. तिनं विचारलं, चार अंकी संख्या जवळजवळ दहा हजार, एकेक करून तपासायच्या का? मग फळ्यावर लिहिलं: उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड माना. मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड. लहान संख्या १०००ड + १००क + १०ब + अ. वजाबाकी केली की येतं ९९९(अ – ड) + ९०(ब – क).

फळ्यावरचं हे वाक्य नीट वाचा. वजाबाकीला चार अंकांशी देणंघेणंच उरलं नाही. लागतात दोनच गोष्टी: बाहेरच्या दोन अंकांतला फरक आणि मधल्या दोन अंकांतला फरक. १९६२ साठी हे फरक ८ आणि ४. ९९९ × ८ म्हणजे ७९९२, ९० × ४ म्हणजे ३६०, बेरीज ८३५२. जुळलं. आता पहिला फरक १ ते ९ असू शकतो, आणि दुसरा शून्यापासून पहिल्याएवढाच, त्याहून मोठा नाही, कारण मधले अंक बाहेरच्यांच्या मध्येच असतात. मोजा: २ + ३ + ४ असं करत १० पर्यंत. एकूण ५४.

दहा हजार संख्यांचं काम ५४ वर आलं. तिनं ५४ जोड्यांच्या चिठ्ठ्या करून आणल्या होत्या. नऊ जणांना सहा-सहा वाटल्या आणि म्हणाली, तपासा. वीस मिनिटांत वर्गानं कापरेकरांचं विधान स्वतःच्या हातानं सिद्ध केलं. मध्येच एका मुलाचं अडलं, कारण ९९९ आल्यावर त्यानं तीनच अंक धरले. मग चर्चा होऊन ठरलं की पुढं शून्य लिहायचा, ०९९९ धरायचं. पुस्तकात हा नियम एका ओळीत येतो आणि डोळ्यांखालून निसटतो. त्या मुलाला तो आयुष्यभर विसरायला होणार नाही.

ती मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नाही. परीक्षेतले गुणही मध्यम. निवड गुणांवर केली असती तर ती त्या खोलीत नसती. म्हणून मान देण्याच्या पद्धतीबद्दल माझं मत अमेरिकनांपेक्षा वेगळं आहे. आपल्याकडं तरी दार उघडं ठेवावं आणि फळ्यापाशी जो उभा राहील त्याला मान द्यावा. प्रमेय पाठ करूनही गुण मिळतात, चिठ्ठ्या वाटण्याची कल्पना पाठ करता येत नाही.

प्रश्न उघडा ठेवायचा आणि वाट बघायची, ही चाल आपल्याकडंही जुनीच आहे. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर या सरकारी नोकरीतल्या गृहस्थांनी गणिताची आवड असलेल्यांचा एक क्लब काढला. परदेशी नियतकालिकं आणि पुस्तकं एकेकट्याला परवडत नव्हती, म्हणून वर्गणी काढून ती मागवायची आणि टपालानं एकमेकांकडं फिरवायची. त्याचीच पुढं इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. तिचं ग्रंथालय पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात होतं. सोसायटीच्या नियतकालिकात वाचकांसाठी प्रश्न असत. १९११ मध्ये त्यात एका अनोळखी तरुणानं प्रश्न टाकला: १ अधिक २ गुणिले वर्गमूळ, त्या वर्गमूळात १ अधिक ३ गुणिले वर्गमूळ, त्यात १ अधिक ४ गुणिले वर्गमूळ, असं न संपणारं, आणि सगळ्यावर एक वर्गमूळ. याची किंमत किती? सहा महिने कोणाकडून उत्तर आलं नाही. मग त्यानं स्वतःच दिलं: ३. तो तरुण म्हणजे रामानुजन.

उलटं वाचलं तर दिसतं. ३ म्हणजे ९ चं वर्गमूळ, आणि ९ म्हणजे १ + २ × ४. तो ४ म्हणजे १६ चं वर्गमूळ, आणि १६ म्हणजे १ + ३ × ५. तो ५ म्हणजे २५ चं, आणि २५ म्हणजे १ + ४ × ६. दार उघडत जावं तसं ते आत आत जातं. (हे न संपता चालू ठेवल्यावर खरोखर ३ च राहतं, हे दाखवायला आणखी एक पायरी लागते; ती भाग तीनच्या मुलांसाठी.)

आणि फळ्याची गोष्ट सांगायची तर ती कोल्हापूरकरांना माझ्याकडून कळायला नको. जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ चा, आपल्या कोल्हापुरातला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. बनारसच्या घरी मामा मोरेश्वर हुजूरबाजार शिकायला राहत होते. ते घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी एक आव्हानाचं गणित लिहून ठेवत. सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत ते पुसलं जात नसे. नारळीकरांनी आठवणींत हे आवर्जून सांगितलं आहे. १९५९ मध्ये केंब्रिजला ते सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले आले. या मोठ्या बातमीपेक्षा मला तो फळा अधिक जवळचा वाटतो, कारण फळा आणि मामा कोणाच्याही घरी असू शकतो.

स्पर्धांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत ही मंडळं आपल्या मुलांना पटनम स्पर्धेसाठी तयार करतात. ती १९३८ पासून चालते. सहा तास, बारा प्रश्न, एकूण १२० गुण, आणि ज्या वर्षी निम्म्या मुलांना एखाद-दुसरा गुण किंवा शून्य मिळतो अशी वर्षं कितीतरी. तरीही हजारो मुलं बसतात. आपल्याकडं पदवीच्या मुलांसाठी पुण्याचं एस. पी. कॉलेज आणि मुंबईचं होमी भाभा केंद्र मिळून माधव गणित स्पर्धा घेतात. उन्हाळ्यातल्या एम.टी.टी.एस. (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) शिबिराची तर मी प्रत्येक बॅचला आठवण करून देतो. १९९३ पासून चाललेल्या या शिबिरात शिक्षक उत्तर सांगत नाहीत, प्रश्न विचारत राहतात. पहिल्या आठवड्यात मुलं रडकुंडीला येतात, परत येतात तेव्हा वेगळीच होऊन येतात.

पाय दिनाचं मात्र थोडं वेगळं सांगायचं आहे. १४ मार्चला तो साजरा करायची सुरुवात १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ यांनी केली. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून ३-१४. आपण तारीख आधी लिहितो. आपल्याला २२ जुलै जास्त शोभतो, म्हणजे २२/७. आणि हा अपूर्णांक आपल्याकडंही जुना आहे. भास्कराचार्यांनी लीलावतीत दोन्ही किमती दिल्या: सूक्ष्म हवी तर ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६, आणि व्यवहारापुरती हवी तर २२/७. साल ११५०. जुलैत पंचगंगेला पाणी चढलेलं असतं, मुलं भिजत येतात, पण गेल्या वर्षी आम्ही ते केलं. दोरा आणि फूटपट्टी घेऊन परात, घागर, सायकलचं चाक, कॅन्टीनची बशी अशी सगळी मापं घेतली. घागरीनं सगळ्यांना चुकवलं, कारण पोटाचा घेर एका जागी आणि व्यास मोजला तोंडाचा. तीच चूक शोधण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त शिकणं झालं.

ताईकडून निघताना भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडं सकाळ होती. अभिनंदन वगैरे झालं, मग मी विचारलं, पहिल्या बैठकीत बोलणार कशावर? म्हणाली, "कापरेकरांवर. इथं कोणाला देवळाली कुठं आहे ते माहीत नाही." मी तिला आमच्या ५४ चिठ्ठ्यांचं सांगितलं. ती जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "मामा, तीन अंकी घेतलं तर मधला अंक उडूनच जातो, नऊच चिठ्ठ्या लागतील. पण पाच अंकी घेतलं तर? तिथंही असंच एका संख्येवर थांबतं का?"

उत्तर मला ठाऊक होतं. पण सांगितलं नाही. पुढच्या शुक्रवारी तिचा प्रश्न तसाच्या तसा फळ्यावर लिहिला, खाली तिच्या गावाचं आणि आमच्या गावाचं नाव घातलं, आणि कोपऱ्यात चौकट करून लिहिलं: पुसू नये.